मंजुळा आणा, माती नको

"रोपं नकोत मला," तो म्हणाला, अन् माझं डोकंच फिरलं!

पिंपळवंडीच्या आमच्या रोपवाटिकेत मी सकाळी सकाळी गूळपाण्यात भिजवलेली पोती उचलत होते. पोत्यांखाली शंखी गोगलगायी गोळा होतात. त्या वेचून मिठाच्या पाण्यात टाकायच्या. तेवढ्यात हा आला, आदेश नावाचा पोरगा, वर डोंगरातल्या गावचा. झेंडूची रोपं न्यायला आला न् ट्रे बघून मागंच सरकला.

"का? रोपांना काय धाड भरलीय?"

"रोपं लई भारी हायेत. पण... ह्ये बघा." त्यानं मातीतून चिमटीनं पांढरे दाणे काढले.

"खत हाय ते!"

"अंडी हायेत, मॅडम. शंखीची."

अगं बाई! साबुदाण्याएवढी अंडी, अन् मी त्यांना रोज पाणी घालत होते.

"ही आमच्या देवराईत गेली, तर शंखी सगळा पाला फस्त करंल, अन् आमची बारकी गोगलगाय उपाशी मरंल," तो म्हणाला.

"गोगलगायीतपण तुमची-आमची?"

"येऊन बघा की..."

मी सगळी माती उपसून उन्हात टाकली. मग ट्रे तपासायला म्हणून तो येतच राहिला, अन् मीही तपासू दिले. शेवटी एक दिवस गेले वर. खोटं कशाला बोलू, गोगलगायीसाठी नव्हते गेले.

देवराईच्या अलीकडं ओढा आहे. "चपला काढा," तो म्हणाला. मला वाटलं, देवासाठी. तर हा पाण्यात उकिडवा बसला अन् माझ्या चपलांची माती काडीनं कोरकोरून धुऊ लागला! आमच्या घरात बाईच्या चपलेला हात लावणारा पुरुष मी कधी पाहिला नव्हता.

आत गर्द सावली, कुजलेल्या पानांचा ओला वास... धुतलेल्या चपला एका हातात तशाच धरून त्यानं दुसऱ्या हातानं एक पान अलगद उलटलं. नखाएवढी गोगलगाय! कवच इतकं पातळ, की आतलं काळीज हलताना दिसत होतं. मी श्वास रोखून बघत राहिले. एवढासा जीव, अन् किती पिढ्या इथंच राहत आलेला. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

"नूतन..." पहिल्यांदाच नावानं हाक. "आमच्या घरात सुना येताना माहेरची तुळस आणत्यात. कुंडीसकट."

"बरं, मग?"

"तुमी... तुमी कुंडी नका आणू. नुसत्या मंजुळा आणा."

कानशिलं तापली माझी. तरी म्हटलं, "आणीन. पण माहेरी येणं-जाणं राहणार माझं. दर खेपेला चपला कोण धुणार?"

तो ओल्या हातांनी माझ्या चपला धरूनच उभा होता.

"मी हाय की," तो म्हणाला.