खारट लेपा

बायको रुखमा गेल्याचा फोन नागपूरच्या दवाखान्यातून आला, तेव्हा तेजराम करडीच्या तळ्याच्या पाळीवर जाळं वाळत घालत होता. आदल्या संध्याकाळी तिनंच त्याला घरी पाठवलं होतं, अंगावरचे कपडे तरी बदलून या म्हणून. फोनवर तिचा भाऊ मनिष होता. तेजरामनं ऐकून घेतलं, बरं म्हटलं, उरलेलं जाळं नीट पसरलं आणि तिथंच बसला. त्याला आठवला तो मासा... भाकरीसारखा चपटा.

भंडारा जिल्हा तुटून गोंदिया वेगळा झाला, त्यानंतरची गोष्ट. मासेमार संस्थांची मंडळी रत्नागिरीला अभ्यासदौऱ्यावर निघाली होती. तेजराम तेव्हा बिनलग्नाचा. शहापूरचे जागेश्वर आपल्या मुलीला, रुखमाला, घेऊन आले होते. रेल्वेत तेजरामला खिडकी मिळाली नाही, रुखमाच्या समोरची जागा मिळाली. त्यानं तक्रार केली नाही.

समुद्र दिसताच तो गुडघाभर पाण्यात शिरला आणि तळ्यात फेकतो तसं बरोबर आणलेलं जाळं फेकलं. लाटेनं त्यालाच आडवा केला. मंडळी पोट धरून हसली. जाळ्यात एकच मासा होता – वाळूच्या रंगाचा, एक बाजू कोरी पांढरी. मंडळींतला बाबूलाल म्हणाला, हा अर्धाच आला, बाकीचा समुद्रात राहिला. तिथल्या एका कोळणीनं सांगितलं, हा लेपा, खायला चांगला. रुखमा वाकून पाहू लागली. वाऱ्यानं तिची ओढणी तेजरामच्या ओल्या हाताला लागली.

“दोन्ही डोळे एकाच बाजूले,” ती म्हणाली. “तुमच्यासारखे.”

“माह्यासारखे काहून?”

“गाडीत बसल्यापासून पाहून राहिली मी. दुसऱ्या बाजूलेबी खिडकी होती... तुमी एकदाबी तिकडं नाही पाहिलं.”

तेजरामचे कान तापले.

कोळणीनं आणखी चार लेपे दिले. उतरले होते तिथल्या चुलीवर रुखमा रांधायला बसली. तळ्याच्या माशाला चिखलाचा वास असतो, म्हणून आपल्याकडं आधी मूठभर मीठ चोळून ठेवतात. तिनं तेच केलं, वर रश्श्यात सवयीनं पुन्हा मीठ. या माशाला चिखल ठाऊकच नव्हता. पहिल्या घासाला बाबूलालनं तांब्या रिकामा केला. जागेश्वरांनी ताट सारलं आणि चारचौघांत म्हणाले, एवढी मोठी झाली, अजून रांधता येत नाही. तिचे डोळे भरले. तेजरामनं मान वर न करता खाल्लं आणि पुन्हा वाढून मागितलं.

भांडी घासताना ती हळूच म्हणाली, “खारट होता ना?”

“समुद्राचा होता.”

“खोटं बोलून राहिले तुमी.”

“हो.” तो थांबला. उद्या परतीची गाडी होती. भंडारा रोडला उतरलं की ती शहापूरला, तो करडीला. मग कोण कुणाला भेटतं? “तुह्या बाबाले विचारू काय... तुह्यासाठी?”

तिनं घासलेलंच ताट पुन्हा घासलं.

“त्याहिले नोकरीवाला पायजे,” ती म्हणाली. मग तांब्या त्याच्याकडं सरकवला. “विचारा. पन आधी पाणी पेऊन घ्या.”

परतीच्या गाडीत तेजरामनं विचारलं. जागेश्वर म्हणाले, “ते रांधलेलं जो दुसऱ्यांदा मागते, त्याले नोकरीचं काय विचारू?”

पुढं दर हिवाळ्यात रुखमा म्हणायची, रत्नागिरीला जाऊ, यंदा मीठ बेतानं टाकीन. कधी तळ्यात माशांचं बी सोडायचं असायचं, कधी धानाची कापणी, कधी पोरांची शाळा. काल संध्याकाळी दवाखान्यातही ती तेच म्हणाली. तो म्हणाला, जाऊ.

बेताच्या मिठाचा लेपा रांधायचा राहिला.