चकतीला गेलेला तडा

दार चुकून तो प्रयोगशाळेत शिरला तेव्हा ती यंत्राजवळ नोंदी घेत होती. यंत्रातला कृत्रिम गुडघा अखंड वाकत होता, सरळ होत होता.

"तपासणीची खोली...?"

"शेजारची."

तरी तो हलेना. "हे काय चाललंय?"

"गुडघ्याच्या वाटीमागं बसवायची नवी चकती. किती टिकते ते बघतो."

"मग ही माझ्या चकतीची बहीणच की," तो म्हणाला. "तीन महिने झाले बसवून."

तो फरश्या बसवायचा. पंधरा वर्षं गुडघे टेकून काम करता करता वाटीमागचं हाड झिजलं होतं. नव्या चकतीच्या चाचणीत सामील झालेल्या अकरा जणांपैकी तो एक.

त्यानंतर दर मंगळवारी तपासणी झाली की तो डोकावायचा.

"आजवर किती वेळा वाकली?"

"नऊ लाख."

"दमली असेल बिचारी. चहा पाजू या."

"चकतीला?"

"नाही... तिच्यावर नजर ठेवणारीला."

ती हसायची, आणि त्याच्याबरोबर चहाला जायची.

चौदा लाखांवर चकतीला तडा गेला. केसाएवढा बारीक. प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी बजावलं, "आणखी दोन तपासू. तोवर तोंडाला कुलूप." पण तुटलेले कण गुडघ्यात हाड पोखरतात, हे तिला ठाऊक होतं. चार दिवस ती गप्प राहिली. पाचव्या दिवशी तिनं चाचणीवर देखरेख करणाऱ्या समितीला अहवाल पाठवला. चाचणी थांबली, आणि तिची नोकरी गेली.

ती त्याच्या कामावर गेली. अर्ध्या फरश्या बसलेल्या खोलीत तो गुडघ्यांवर बसला होता.

"बघा, जमतंय मला," तो म्हणाला.

तिनं सगळं सांगितलं. त्यानं हातातली फरशी हळूच खाली ठेवली.

"काढावी लागेल?"

"हो. चालता येईल. पण असं बसणं... बहुधा नाही."

"कधी कळलं तुम्हाला?"

"शुक्रवारी."

"मंगळवारी तर आपण चहा प्यायलो."

"तेव्हा जीभच रेटली नाही. तुम्ही यायचं थांबाल, याची भीती वाटली. नोकरीपेक्षाही जास्त."

तो फरशीवरून बोट फिरवत राहिला. मग म्हणाला, "जा तुम्ही आता."

शस्त्रक्रियेच्या दिवशी ती न बोलावताच आली. कणांनी हाड बरंच पोखरलं होतं. गुडघे टेकायचं काम कायमचं संपलं, असं डॉक्टरांनी सांगितलं. तो शुद्धीवर आला तेव्हा ती खाटेजवळ बसली होती.

"राग गेलेला नाही माझा," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"काम गेलं. दुसरं काही येत नाही मला."

तिनं त्याची चादर नीट केली. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. कितीतरी वेळानं त्याचा हात चादरीवरून सरकत आला आणि तिच्या बोटांवर थांबला.

"उद्या उभं करणार आहेत," तो तिच्याकडे न पाहताच म्हणाला. "धरशील ना मला... तू?"