पंडितनानांचं पुडकं

नरडाण्याजवळच्या एका फाट्यावर, हायवेपासून थोड्या चढावर, हेमराजचं गॅरेज. मे महिन्यातली ती दुपार. आमच्याकडे अशा वेळी कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही, पण हेमराज पत्र्याखाली घामाघूम होऊन लेकीच्या गाडीचे ब्रेक पॅड बदलत बसला होता. प्राचीला जळगावला नोकरी लागली होती. गाडी जुनी, पांढरी, छोटीशी. ब्रेक दाबला की चाकातून नुसता कर्कश आवाज. पोरगी एकटी हायवेने जाणार, तेव्हा हे काम दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायचं नाही, असं त्याने ठरवलं होतं.

काम तसं सरळ. चाक काढायचं, झिजलेले पॅड काढायचे, ब्रेकचा पिस्टन शिकंज्याच्या पकडीत धरून मागे दाबायचा, नवे पॅड बसवायचे. आणि गाडी जागची हलवण्याआधी ब्रेकचं पायडल कडक होईपर्यंत दाबत राहायचं. मागे गेलेला पिस्टन त्याशिवाय पुढे येत नाही. हे राहिलं, तर पहिल्याच वेळी पाय थेट तळाला टेकतो आणि ब्रेक लागतच नाही.

वर्षापूर्वी हेमराज हे एकदाच विसरला होता.

ती गाडी पंडितनानांची. नाना गल्लीतलेच, प्राचीला सायकल शिकवलेले. जुने पॅड वर्तमानपत्रात बांधून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचे, म्हणजे नवे टाकल्याची त्याला खात्री पटते, ही हेमराजची रीत. तो पुडकं बांधत होता, तेवढ्यात नाना स्टेअरिंगवर बसलेसुद्धा.

"व्हयनं का रे, हेमराज?" काम झालं का, म्हणून नानांनी विचारलं.

"व्हयनं, नाना. लई जा," गाडी घेऊन जा, असं तो सुतळीला गाठ मारता मारता बोलून गेला.

गाडी उतारावरून खाली गेली आणि थांबलीच नाही. हायवेवरून ट्रक येत होता.

सगळ्यांनी ट्रकवाल्याला धरलं. तो बिचारा अजून कोर्टाच्या तारखा करतोय. हेमराजने नानांना खांदा दिला, नानांच्या बायकोसमोर, सुमनकाकूंसमोर बसून तेराव्याला जेवला, आणि तोंडातून अवाक्षर काढलं नाही. पुडकं मात्र त्याच्याच हातात राहिलं होतं. ते त्याने फळीवर पार मागे ढकललं आणि पुन्हा तिकडे पाहिलं नाही.

आज उजव्या चाकाचा पिस्टन त्याने मागे दाबला. शिकंजा सोडला, तसा पिस्टन हळूच पुढे आला. त्याने परत दाबला. परत पुढे आला. कुणी आतून पायडल दाबत असावं, तसा. प्राची तर घरी बॅग भरत होती. हेमराजने उघड्या दारातून वाकून पाहिलं.

पायडल खाली जात होतं, वर येत होतं. सावकाश. वर पाय कुणाचाच नव्हता. आणि गाडीत तपकिरीचा वास भरला होता... नाना ओढायचे तीच.

उन्हाने डोकं फिरलं, अशी त्याने स्वतःची समजूत घातली, माठातलं पाणी डोक्यावर ओतलं आणि काम पुरं केलं. पायडल त्याने दहादा दाबलं. दगडासारखं कडक झालं. तेवढ्यात प्राची आली.

"पप्पा, व्हयनं का?"

जाऊ नको म्हणावं, तर का, ते सांगावं लागणार होतं. लेकीच्या नजरेतून उतरायची त्याला फार भीती वाटली.

"व्हयनं," तो म्हणाला.

गाडी निघाली, अर्ध्या उतारावर थांबली आणि प्राची उतरून धावतच वर आली. "डबा राही गया ना, पप्पा."

हेमराजचं लक्ष तिच्याकडे नव्हतंच. रिकाम्या गाडीचे मागचे दोन्ही लाल दिवे भर उन्हात लागलेले होते. पायडलवर पाय असल्याशिवाय ते लागत नाहीत.

"हँडब्रेक वढा ना?" त्याने हळूच विचारलं.

"नही... गिअर बी नही टाका. पन गाडी उभी शे ना..." तिनेही वळून पाहिलं.

तो मटकन खाली बसला. "बेटा... त्या दिन नानानी गाडीनं पायडल मी दाबं नही व्हतं. ईसरी गयथू... ट्रकवालानी चूक नही. मनी शे."

दिवे विझले.

आता गाडी गडगडत खाली जाणार, म्हणून हेमराज ओरडतच धावला. गाडी मात्र तसूभरही हलली नाही. पुढच्या चाकाखाली काहीतरी अडकलं होतं. सुतळीने बांधलेलं, गेल्या वर्षीच्या वर्तमानपत्राचं पुडकं. गाठ त्याच्याच हातची.

प्राची मागे येऊन उभी राहिली. "सुमनकाकूले सांगाले चाला," ती म्हणाली. या खेपेला तिने पप्पा म्हटलं नाही.

हेमराजने आधी हँडब्रेक ओढला, मग चाकाखालून पुडकं उपसलं, गाठ सोडून आत हात घातला आणि चटका बसून ते हातातून टाकलं. कागद गार होता. आतले पॅड मात्र धगधगत होते, आणि त्यांना जळका वास येत होता, कुणीतरी जीव खाऊन, आत्ताच ब्रेक दाबल्यावर येतो तो.