पिवळ्या रंगामागचा माणूस

तिसऱ्या कागदावरही तो चेहरा उमटला, तेव्हा मारीक्रूसने हातातली स्क्वीजी, शाई ओढायची रबरी पट्टी, खाली ठेवली आणि एल्विराला फोन लावला.

"येता का? आत्ताच या."

"काय झालं?"

"आपल्या पोस्टरमध्ये कुणीतरी आहे."

एल्विरा बारागान पलीकडच्याच गल्लीत राहायची. उमेदीची सगळी वर्षं तिने एका विमा कंपनीत काढली होती. जळालेल्या घरांच्या राखेत उभं राहून आग कशी लागली ते शोधायचं, हे तिचं काम. निवृत्त झाल्यावर ती तायेरच्या कारभारात हात देऊ लागली. तायेर म्हणजे पूर्व लॉस एंजेलिसमधली मोहल्ल्याची चित्रशाळा आणि छापखाना. लाकडी चौकटीवर ताणलेल्या जाळीतून, म्हणजे स्क्रीनमधून, शाई ओढून इथे पोस्टरं छापत. इमारत पूर्वी लाँड्रीची होती. भिंतींतले जुने नळ अजून दिवसाढवळ्या कण्हत.

मारीक्रूस ओल्वेरा ही तायेरची नवी संचालिका. तिने तिन्ही कागद टेबलावर मांडले.

मृतांच्या दिवसाचं, मेलेल्यांना घरी बोलावून वेदीवर फोटो, फुलं, पाणी मांडायच्या मेक्सिकन सणाचं, पोस्टर होतं. नाचणाऱ्या दोन सांगाड्यांमागे मोठा फिका पिवळा सूर्य यायचा होता. सांगाडे नंतर छापायचे. आज नुसता सूर्य. आणि सूर्याच्या पोटात एक तरुण माणूस. केस पांढरे, भुवया पांढऱ्या, डोळ्यांच्या जागी उजेड. धुक्यातून बघावं तसा तो बघत होता.

"मी हा काढलेला नाही," मारीक्रूस हळूच म्हणाली. "माझ्या चित्रात फक्त गोल आहे."

"ठाऊक आहे मला."

"पहिला कागद निघाला तेव्हा दारात लोक होते, गल्लीत बोलायला लागलेत. म्हणे, सोकोर्रोबाईंना दिलेला शब्द आपण मोडला, म्हणून हे."

शब्द एल्विरानेच दिला होता.

सोकोर्रो लेर्मा ही तायेर सुरू करणाऱ्यांपैकी एक. ऑगस्टमध्ये ती गेली. इस्पितळात तिने एल्विराचं मनगट धरून ठेवलं होतं. 'माझी शेवटची स्क्रीन भिंतीकडे तोंड करून ठेवलीय. काळ्या शाईत एकदा छापून पाहिली आणि आडवी पडले. धुवायचीही राहिली. मृतांच्या दिवशी छाप आणि वेदीवर माझ्या फोटोशेजारी लाव. तोवर बघू नकोस. लावशील ना?'

लावीन, असं एल्विरा म्हणाली. पण सोकोर्रोला माती देऊन आल्यावर पाहिलं, तर स्क्रीन जागेवर नव्हती. जिच्यावरून चित्र जाळीवर उतरवतात ती फिल्म नव्हती. छापून पाहिलेला एकमेव कागदही नव्हता. आता मृतांचा दिवस उद्यावर आला होता, आणि सोकोर्रोच्या फोटोशेजारची जागा रिकामी होती. त्या जागेकडे बघायचं एल्विरा टाळत असे.

"ही स्क्रीन धुऊन आण," ती म्हणाली.

मारीक्रूसने पिवळी शाई धुऊन स्क्रीन आणली. एल्विराने ती उचलून खिडकीसमोर धरली. जाळीतून ऊन आलं आणि त्या उन्हात चेहरा पुन्हा उभा राहिला. आता काळ्या-पांढऱ्याची अदलाबदल होऊन, म्हणजे खरा. काळे केस, एकमेकींना भिडलेल्या काळ्या भुवया, हसताना दिसणारा समोरचा तुटका दात. केसांच्या बटा ब्लेडने खरवडून काढल्यासारख्या.

"देवा," मारीक्रूस पुटपुटली. "हा तर सोकोर्रोबाईंचा हात."

"आपण शोधत होतो ती स्क्रीन हीच." एल्विराने चौकट खाली ठेवली. "शाई जाळीत महिनाभर वाळली की मुरते. मग कितीही घासा, चित्राची सावली उरतेच. छापणारे तिला भूत म्हणतात."

"भूत म्हणतात हे मलाही माहीत आहे. मुरलेली शाई नव्या शाईला अडवते, म्हणून तिथे फिकं येतं. पण हिच्यात भूत आहे हे मला कसं कळणार? मी रॅकमधली धुतलेली स्क्रीन उचलली."

"रॅकमध्ये होती?"

"बाकीच्यांबरोबर. स्वच्छ. कडेच्या पट्ट्यासुद्धा नव्या लावलेल्या."

एल्विराने पट्ट्यांवरून बोट फिरवलं. कोपरे नीट दुमडलेले होते.

"सोकोर्रोची खोली दफनाच्या दुसऱ्या दिवशी तू रिकामी करवलीस."

"कॉम्प्युटर यायचे होते." मारीक्रूसचा चेहरा लाल झाला. "घाई केली मी. पण स्क्रीन तेव्हाही नव्हती. आणि मी धुतली असती, तर मीच ती पोस्टरला घेतली असती का?"

"नसती घेतलीस. सूर्य इतका पातळ का केलास?"

"पाण्यातल्या मधासारखा हवा होता. चोन तात्या, एवढे जुने छापणारे, पहिल्याच दिवशी म्हणाले होते, पिवळ्यात पांढरा घाल, घट्ट कर. मी ऐकलं नाही. त्यांना काय, सगळं भिंतीच्या रंगासारखं हवं असतं. आणि स्वतः तर छापायलाच आले नाहीत. मनगट दुखतंय म्हणे."

"पहिल्या दिवशी म्हणजे? कागद छापायच्या आधी?"

"शाई कालवत होते तेव्हा. का हो?"

"सहज," एल्विरा म्हणाली.

तायेरमधला चित्रकार आमादोर रेंतेरिया मागच्या अंगणात सांगाड्यांच्या पुतळ्यांना रंग देत होता. सोकोर्रोशी त्याचं कधी पटलं नाही. बारा महिने भांडण. ती गेल्यावर मात्र तो एकटाच तिचं स्टूल दुरुस्त करत बसला होता.

"तिची स्क्रीन कुणी नेली, आमादोर?"

"मी," तो म्हणाला. "खाल्ली मी. सालसाची चटणी लावून."

"मी हसत नाहीये."

"मग मला विचारता कशाला? ती स्क्रीन धुऊन, पुसून, पट्ट्या लावून रॅकमध्ये ठेवलेली होती म्हणे. हे बघा." त्याने पायाशी ठेवलेला डबा उचलला. ब्रश लाकडासारखे कडक झाले होते. "वीस वर्षांत मी धुतलेली एक वस्तू दाखवा. मी चोरली असती तर पायाने फोडून कचऱ्यात टाकली असती."

"कुणीही तेच केलं असतं," एल्विरा म्हणाली, आणि बोलता बोलता थांबली.

"काय?"

"काही नाही. रंगव तू."

पुढच्या दालनात वेदी उभी राहत होती. चोन विलासेन्योर जाड फळ्या खांद्यावरून आणून एकावर एक चढवत होता. तायेरमध्ये सगळ्यांत जुना छापणारा तोच. सोकोर्रो आणि तो दोघेच पहिल्या दिवसापासूनचे. बाकीचे सगळे नंतर आले. त्याच्या लेकीची एल्विरा धर्ममाता होती, म्हणून तो तिला कोमाद्रे म्हणे आणि ती त्याला कोम्पाद्रे.

"मनगट बरं झालं वाटतं, कोम्पाद्रे."

फळी अर्ध्यावर थांबली. "थोडं बरं आहे."

वेदीशेजारी त्याची आई, दोन्या पेत्रा, मांडीत झेंडूचा ढीग घेऊन माळ ओवत होती. नव्वदी ओलांडलेली बाई. नजर मंदावली होती, पण सुई चुकत नव्हती.

"बस गं पोरी," ती एल्विराला म्हणाली. "काहेता खा. माझ्या रोहेलिओने पाठवलीय."

लाकडी गोल डबीत आटवलेल्या दुधाची तपकिरी, मऊ मिठाई होती. एल्विराने बोटाच्या टोकावर घेतली.

"धाकटा ना तुमचा? मी कधी पाहिला नाही."

"तू कशी बघशील, तू फार मागाहून आलीस. लढाईला नेणार होते त्याला. म्हणाला, नाही जाणार. गेला मेक्सिकोला. तिकडेच संसार मांडला. परत आला तर पकडतील, म्हणून येत नाही. पण विसरला नाही हो. दर वर्षी कुणी ना कुणी येतं, चोनकडे डबी देऊन जातं."

"लढाई संपून युगं झाली, दोन्या पेत्रा."

"मीही तेच म्हणते. चोन म्हणतो, कागदपत्रांचं काहीतरी आहे." तिने मान वर केली. पिकलेल्या भुवया नाकाच्या मुळाशी एकमेकींना भिडल्या होत्या. "पोस्टरवर कोण आलंय म्हणतात?"

"कुणी नाही, आई," चोन घाईने म्हणाला. "शाई पसरली. आणि कोमाद्रे, ते पोस्टर वेदीवर नको. बाहेर भिंतीवर लावा."

"का नको?" म्हातारीने फूल ओवलं. "ज्याचा फोटो कुणी मांडत नाही, ज्याच्यासाठी कुणी पाणी ठेवत नाही, तो मेलेला कुठूनही शिरतो. तहानलेला असतो बिचारा. माझी आई सांगायची."

चोनने फळी खाली ठेवली. तिचा आवाज नको तेवढा मोठा झाला.

"कोम्पाद्रे," एल्विरा म्हणाली, "जरा धुण्याच्या खोलीत येता?"

धुण्याच्या खोलीत दगडी हौद होता आणि छताशी एक लहान खिडकी. नळ कण्हत होता. चोनने सवयीने तो घट्ट केला. कण्हणं थांबलं नाही.

"बोला, कोमाद्रे."

"सोकोर्रोची स्क्रीन तुम्ही घेतलीत. याच हौदात धुतलीत."

"कशावरून?"

"ज्याला ती नाहीशी करायची होती, त्याने फिल्म नाहीशी केली, कागद नाहीसा केला. मग स्क्रीन का जाळली नाही? चौकट लाकडाची आहे, दोन मिनिटांत पेटते. पण त्याने ती धुतली, वाळवली, नव्या पट्ट्या लावल्या आणि जागेवर ठेवली. चोर असं करत नाही. जन्मभर दुसऱ्यासाठी स्क्रीन तयार करून ठेवणारा माणूस करतो. चांगली जाळी फेकायला तुमचा हातच उचलला नसणार."

चोनने काठावरचा ओला फडका उचलून पिळला.

"पण तसे हात इथे आणखीही आहेत. तुम्हीच कशावरून, ते ऐका. मारीक्रूसने रॅकमधून नेमकी ती उचलली. तुम्ही पाहिलंत. एकही कागद छापला नव्हता, चेहरा कुणाला दिसला नव्हता, तरी तुम्ही म्हणालात, पिवळ्यात पांढरा घाल. घट्ट रंगात भूत झाकलं जातं. आत काय आहे हे त्या क्षणी एकालाच माहीत होतं. नंतर तुम्ही मनगटाचं निमित्त केलंत. तो चेहरा स्वतःच्या हाताने छापायची हिंमत तुम्हाला नव्हती."

"चेहरा कुणाचा, तेही सांगा मग."

"मी त्याला कधी पाहिलं नाही. पण त्याच्या भुवया आत्ताच पाहून आले. बाहेर माळ ओवतायत."

चोन हौदाच्या काठावर बसला.

"वेदीवर जिवंत माणसाचा फोटो कुणी लावत नाही," एल्विरा हळू आवाजात म्हणाली. "सोकोर्रोला तो तिथे हवा होता. म्हणजे रोहेलिओ गेलाय. आणि हे तुमच्या आईला माहीत नाही."

चोनने नळ पुन्हा एकदा घट्ट केला.

"सरहद्द ओलांडून आठवडाही झाला नव्हता," चोन म्हणाला. "बस दरीत गेली. मीच जाऊन माती दिली. परत आलो तर आई इस्पितळात, छातीत कळ आलेली. डॉक्टर म्हणाले, धक्का देऊ नका. म्हटलं, बरी झाली की सांगू. बरी झाली. मग म्हणाली, त्याचा काही निरोप? मी म्हटलं, हो आई, ही काहेता पाठवलीय. रस्त्यात दुकानातून घेतली होती, स्वतःसाठी. त्यानंतर सांगायला वाटच उरली नाही."

"सोकोर्रोला?"

"तिला सांगावंच लागलं. लग्न ठरलं होतं त्यांचं. तिने दुसरं केलं नाही, तुम्ही बघितलंच. माझ्या शब्दाखातर गप्प बसली. स्वतः जायची वेळ आली तेव्हा मात्र म्हणाली, मी आता तिकडे चालले, त्याला पाणीसुद्धा न विचारता किती वर्षं ठेवणार आहेस? मी म्हटलं, आई आहे तोवर. ती म्हणाली, मग मी वाट बघणार नाही." त्याने तळहात चेहऱ्यावरून फिरवले. "धुतली मी. तीनदा धुतली, कोमाद्रे. तो जाईना. आणि जाळायला हात उठेना. त्याला दुसऱ्यांदा कसा पुरू?"

बाहेर म्हातारीची काठी वाजली.

दारात कुणी नव्हतं. आवाज छपाईच्या खोलीतून आला होता. दोघे धावत गेले. म्हातारी टेबलाशी उभी होती. मारीक्रूस भिंतीला चिकटून. तिन्ही पिवळे कागद समोर. म्हातारीने एक कागद डोळ्यांपासून वीतभर अंतरावर धरला होता.

"बाटलीचं झाकण दाताने उघडायचा," ती म्हणाली. "किती सांगितलं, ऐकायचा नाही. हा बघ तुटलेला."

"आई—"

"कुठे ठेवलास त्याला?"

चोन तिच्यासमोर येऊन उभा राहिला. "सरहद्दीपलीकडे, सोनोय्तात. देवळामागे. क्रॉस लावलाय. नाव नाही लिहिलं."

"एकटा होतास?"

"हो."

म्हातारीने मान हलवली. जणू एवढंच विचारायचं राहिलं होतं. मग कागद एल्विराच्या हाती दिला.

"लाव. सोकोर्रोच्या शेजारी. ओला आहे, जपून."

एल्विराने रिकाम्या जागेवर कागद टांगला. आमादोर अंगणातून आला, कुणाला काही न विचारता त्याने मेणबत्ती लावली. उजेड हलला तसा सूर्यातला चेहरा हलला.

"पेला आण, चोन."

चोनने पाण्याने भरलेला पेला आणला. म्हातारीने तो बोटांनी चाचपला.

"काठोकाठ भर. फार लांबून आलाय."

त्याने पुन्हा भरला. पाणी त्याच्या बोटांवरून सांडत राहिलं. म्हातारीने त्याच्या हातावर हात ठेवून पेला स्थिर केला आणि दोघांनी मिळून तो वेदीवर ठेवला.

मग ती खुर्चीत बसली. शेजारची लाकडी डबी उचलून तिने झाकण लावलं.

"हीही तिथेच ठेव. आणि पुढच्या वर्षी आणायचं थांबवू नकोस."

"आई, ती मीच आणत होतो. त्याने नव्हती—"

"वेदीवर ठेवायला म्हणतेय मी. त्याला फार आवडायची." तिने सुई पुन्हा हातात घेतली. "मला कधीच आवडली नाही. पण त्याने पाठवलीय म्हटल्यावर खायची."