बोधगाठ

नांदेडच्या अध्यापक घडण केंद्रात दर जूनला साठ पदवीधर दाखल होत आणि त्यातले निदान पन्नास जण पहिल्याच सराव पाठात तोंडघशी पडत. याचं कारण केंद्राच्या संचालक डॉ. शर्वरी देगलूरकर दोन शब्दांत सांगत: फार येतं. ज्याला एखादी गोष्ट पुरती येते, त्याला ती न येण्याचे दिवस आठवत नाहीत. आणि ज्याला ते दिवस आठवत नाहीत, तो फळ्यासमोर उभा राहून मुलांना म्हणतो, "सोपं तर आहे." ज्या पोराला ते जमत नसतं, त्याच्यासाठी याहून क्रूर वाक्य मराठीत नसेल.

यावर देगलूरकरांनी शोधलेल्या उपायाला 'बोधविराम' म्हणत. डोक्यावर एक हलकी टोपी बसवायची आणि मेंदूतली एकच संकल्पना एकवीस दिवस झोपवायची. बाकी माणूस होता तसाच. ज्याचं वाचन झोपवलं, त्याला वर्तमानपत्र म्हणजे नुसत्या रेघोट्या दिसत. मग त्याला केंद्राला जोडलेल्या शाळेत दुसरीच्या मुलांबरोबर बसवून तीच गोष्ट नव्याने शिकवायची. तिथून बाहेर पडलेला पदवीधर जन्मात कुणाला "सोपं तर आहे" म्हणत नसे. नऊ वर्षं हे सुरळीत चाललं होतं आणि राज्यभर नाव झालं होतं.

एक बारीकशी तक्रार येऊ शकली असती, पण आली नाही. दोन-तीन प्रशिक्षणार्थींना त्यानंतर आपल्या पहिलीच्या बाईंचं नाव आठवेनासं झालं होतं. विसरलेला माणूस काही तक्रार करत नाही, आणि विसरलं गेलेल्या त्या बाईंपर्यंत बातमी पोचत नाही. देगलूरकरांनी वहीत नोंद केली आणि पान उलटलं. हुशार माणसं अशीच पानं उलटतात.

ऋजुता वाकोडे गणितात एम.एस्सी., विद्यापीठात पहिली. सराव पाठात तिने दुसरीच्या एका मुलीला 'एकोणतीस' लिहायला सांगितले, मुलीने ३९ लिहिले. ऋजुताने पुन्हा सांगितलं, मुलीने पुन्हा ३९ लिहिले. चौथ्या वेळी ऋजुता ते वाक्य बोलली. मुलगी रडली, आणि पाठ संपल्यावर जिन्यात बसून ऋजुताही रडली. दुसऱ्या दिवशी ती स्वतःहून देगलूरकरांकडे आली आणि म्हणाली, माझे अंक झोपवा.

एकवीस दिवस ती बाकावर बसून दुसरीच्या वर्गशिक्षिका फुलारीबाईंकडून अंक शिकली. बाविसाव्या दिवशी, रविवारी, तिचे वडील भेटायला आले. दिगंबर वाकोडे, बिलोली तालुक्यात एकतीस वर्षं प्राथमिक शिक्षक, आता निवृत्त. पिशवीत दशम्या होत्या, शेंगदाण्याची चटणी होती. ऋजुताने दार उघडलं आणि अदबीने विचारलं, आपण कोणाला भेटायला आलात?

ते पिशवीसकट देगलूरकरांच्या खोलीत आले. "मॅडम," ते म्हणाले, "लेकरू मला 'आपण' म्हणालं. आजवर 'तू'च म्हणायचं."

देगलूरकरांनी ऋजुताचं मेंदूचित्र काढलं. नऊ वर्षांपूर्वी नीट पाहायला हवं होतं ते त्यांना त्या दिवशी दिसलं. कुठलंही ज्ञान मेंदूत एकटं राहत नाही. ते ज्याच्याकडून मिळालं त्या माणसाशी त्याची गाठ असते, आणि ज्ञान नव्याने शिकलं की जुनी गाठ सुटून नव्या माणसाशी बसते. त्यांनी तिथल्या तिथे तिला 'बोधगाठ' असं नाव दिलं. साधारण माणसाला अंक एकाने शिकवलेले असतात, अक्षरं दुसऱ्याने, सायकल तिसऱ्याने. एक गाठ सुटली तर एक चेहरा पुसट होतो, एवढंच. ऋजुताची आई ती आठ महिन्यांची असताना वारली होती. तिला अंक, अक्षरं, सायकल, भाकरी, सगळं एकाच माणसाने शिकवलं होतं. एका धाग्याने विणलेला स्वेटर एका टोकाने ओढला की सगळा उसवतो, तसं झालं होतं.

"जुनी गाठ परत बसवता येत नाही?" वाकोडे गुरुजींनी विचारलं. देगलूरकर नाही म्हणाल्या. नवीन काही शिकवलं तर नवी बसेल, एवढंच.

ऋजुताला फोटो दाखवले, कागद दाखवले. तिला पटलं, पण आठवलं काही नाही. मुलगी गुणाची, ती दर रविवारी फोन करी, रक्तदाबाच्या गोळ्या वेळेवर घेता का, असं विचारी. शेजारच्या आजोबांचीही तिने तशीच चौकशी केली असती.

तीन आठवड्यांनी ते पुन्हा केंद्रात आले. या वेळी त्यांनी विचार करून ठेवला होता.

"नवीन काही शिकवलं तर माझ्याशी नवीन गाठ बसेल, असं तुम्ही म्हणालात. पण मला येतं ते सगळं तिला शिकवून झालंय, मॅडम. ती माझ्या कितीतरी पुढं गेली. आता माझ्याकडं देण्यासारखं काही नाही, एक सोडून."

"काय?"

"न येणं," गुरुजी म्हणाले. "मास्तर पोराला शिकवतो हे खरं, पण शिकवायचं कसं हे मास्तरला पोरंच शिकवतात. जे अडतं ना, ते पोर शिकवतं. तिला अडलेलं पोर भेटलं, पण त्याच्याकडून ती अजून शिकली नाही. माझे अंक झोपवा. मी तिच्या वर्गात अडून बसतो."

देगलूरकरांनी सुचवलं, नुसतं सोंग केलं तर? गुरुजींनी मान हलवली. सोंग करणारं पोर एकतीस वर्षं पाहिलंय, म्हणाले, दोन मिनिटांत पकडेल ती. चूक खरी लागते.

मग त्यांनी ऋजुता पाच वर्षांची असतानाची गोष्ट सांगितली. तिनेही ३९ लिहिले होते, आणि गुरुजींनी खोडल्यावर विचारलं होतं, "तीस अजून आलेच नाहीत, मग त्यांचं नाव कशाला घेतोस?" गुरुजींना उत्तर देता आलं नव्हतं. त्यांनी स्वतः ते घोकून पाठ केलं होतं, का ते कधी विचारलंच नव्हतं. तीन दिवस डोकं खाजवून त्यांनी अंगणात तीस चिंचोके मांडले आणि त्यातला एक उचलून घेतला. एक उणा तीस. त्या दिवशी मी खरा मास्तर झालो, असं ते हसून म्हणाले. देगलूरकरही हसल्या. दोन शिक्षक समोरासमोर बसले होते, आणि दोघांनाही आपण काय ऐकलं ते कळलं नाही.

आता नियम म्हणून एक प्रश्न विचारावा लागे, तो देगलूरकरांनी विचारला: तुम्हाला अंक कोणी शिकवले?

"सोनटक्के गुरुजींनी. छडीने."

"ते तुम्हाला आठवणार नाहीत."

"नाही आठवले तर नाही. त्यांना जाऊन चाळीस वर्षं झाली, ते काही रागवायचे नाहीत." गुरुजींनी अर्जावर सोनटक्के गुरुजींचं नाव वळणदार अक्षरात लिहिलं आणि खाली सही केली. कुठल्याही मास्तरने हेच लिहिलं असतं. आपल्याला कोणी शिकवलं असं विचारलं, की आपण आपल्याहून मोठ्या माणसाचं नाव सांगतो.

एकवीस दिवसांत नात्याचा उल्लेख करायचा नाही, शिकणाऱ्याचं मन मोकळं राहायला हवं, एवढी एक अट होती. ऋजुताने ती मान्य केली. दुसरीच्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसलेला सहासष्ट वर्षांचा माणूस तिला 'बाई' म्हणू लागला, ते तिला त्या अटीतलंच वाटलं.

गुरुजी खरोखर अडले. पहिल्या आठवड्यात रोज ३९. ऋजुता रोज पाठाचं टाचण बदलून येई, फळा भरून टाके, आणि ते तिच्याकडे लाजून पाहत. दहाव्या दिवशी तिने खडू खाली ठेवला आणि त्यांच्या शेजारी बाकावर येऊन बसली.

"हे कसं लिहिलंत, ते मला सांगा," ती म्हणाली.

"बाई, तीस ऐकू आलं, म्हणून तीन लिहिले. 'एकोण' असलं की शेवटी नऊ येतात, हे ध्यानात ठेवलंय. म्हणून नऊ."

ऋजुता त्या आकड्याकडे पाहत राहिली. चुकीला इतका व्यवस्थित हिशेब असतो हे तिला विद्यापीठात कोणी सांगितलं नव्हतं. तिने त्या दिवशी काही दुरुस्त केलं नाही. दुसऱ्या दिवशी ती पिशवीभर चिंचोके घेऊन आली.

अठराव्या दिवशी देगलूरकरांनी दोघांची मेंदूचित्रं काढली. ऋजुताच्या चित्रात नवी गाठ स्पष्ट होती, आणि ती वडिलांशी होती. लहानपण परत आलं नव्हतं, पण माणूस आला होता. ती खोलीत आली तेव्हा तिचे डोळे भरले होते. म्हणाली, मॅडम, डोळे मिटले तरी त्यांचा चेहरा दिसतो. एकवीस दिवस झाले की मी त्यांना अप्पा म्हणणार आहे, 'तू' म्हणणार आहे.

देगलूरकरांनी तिला जाऊ दिलं आणि गुरुजींना बोलावलं. सोनटक्के गुरुजींबद्दल विचारलं. ते गुरुजींना छडीसकट आठवत होते, त्यांचं धोतर, त्यांची तपकीर, सगळं. मग देगलूरकरांनी घरी कोण असतं, असं विचारलं.

"कोणी नाही. बायको लवकर गेली. मूलबाळ काही आठवत नाही मला." मग त्यांनीच विचारलं, "या बाई कुठल्या हो? फार जीव लावून शिकवतात."

गुरुजी गेल्यावर देगलूरकरांनी दार लावून घेतलं आणि त्या रडल्या. सोनटक्के गुरुजींनी वाकोड्यांकडून अंक घोकून घेतले होते, शिकवले नव्हते. ते शिकवले होते पाच वर्षांच्या एका मुलीने, अंगणात, एक प्रश्न विचारून. मास्तर पोराकडून शिकतो हा नियम त्यांनी ऋजुताला लावला होता आणि तिच्याच बापाला लावायचा विसरल्या होत्या. गाठ लेकीशी होती. ती सुटली, आणि त्यांचं सगळं मास्तरपण तिथूनच सुरू झालेलं असल्यामुळे लेक मुळापासून गेली. नवीन गाठ बसली होती ती शिकवणाऱ्या बाईंशी.

ऋजुताला हे सांगायला त्यांच्यापाशी तीन दिवस होते. त्या रोज तिच्या वर्गापर्यंत जात आणि परत येत.

एकविसाव्या दिवशी दुपारी गुरुजींनी एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास न चुकता लिहिले. वर्गातल्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. ते पिशवी घेऊन व्हरांड्यात आले, तेव्हा देगलूरकर तिथेच उभ्या होत्या. ऋजुता मागून धावत आली.

"अप्पा," ती म्हणाली, "तू दोन दिवस थांब ना."

गुरुजी वळले. एवढ्या शिकलेल्या बाईंनी एकदम 'तू' म्हटलेलं त्यांना नवल वाटलं असावं, पण ते रागावले नाहीत. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि हात जोडले.

"बाई, तुम्ही मायेने अप्पा म्हणालात, फार बरं वाटलं. आजकाल कोण म्हणतं? घरचं चांगलं वळण आहे तुम्हाला, दिसतंय ते. तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा."

ऋजुताने देगलूरकरांकडे पाहिलं. त्यांना मान वर करता आली नाही, आणि तिला सगळं समजलं. गुरुजी हात जोडून उत्तराची वाट पाहत होते.

"सांगते," ती म्हणाली, आणि त्यांची पिशवी उचलून त्यांना रिक्षापर्यंत पोचवायला गेली.