उत्पलाची टाकी

कोयनेच्या जलाशयाकाठी असलेल्या त्या प्रयोगशाळेत दोन मोठ्या काचेच्या टाक्या शेजारीशेजारी मांडल्या होत्या. दोन्हींत गोडं पाणी, पाणवनस्पती आणि बोटभर लांबीचे मासे. यांतली एक चंद्रावरच्या वसाहतीत जाणार होती. तिथल्या सहा माणसांनी वापरलेलं पाणी टाकीतल्या वनस्पती पुन्हा पिण्याजोगं करणार होत्या. या वनस्पतींना एकाच गोष्टीची भीती होती, ती म्हणजे शेवाळाची.

डावी टाकी डॉ. भार्गवी पेंढारकरची होती. तिचं सारं आयुष्य शेवाळाच्या अभ्यासात गेलं होतं. उजवी टाकी डॉ. उत्पला मांजरेकरची. उत्पला एके काळी भार्गवीचीच विद्यार्थिनी होती.

"वनस्पतीला जे लागतं तेच शेवाळाला लागतं," भार्गवी संचालक सोहनींना सांगत होती. "उजेड, कर्बवायू, नत्र, स्फुरद. मी उजेड बेताचा ठेवते आणि खत वनस्पतीला पुरेल एवढंच देते. तरीही शेवाळ आलंच तर गोगलगायी आहेत."

सोहनींनी मान डोलावली आणि ते उजवीकडे वळले.

"माझी वनस्पती स्वतःच लढते, सर," उत्पला म्हणाली. "शेवाळाची चाहूल लागली की तिच्या पानांतून शेवाळरोधक पाझरतं."

"मग ते कायमच का पाझरू देत नाहीस?" भार्गवीनं विचारलं.

"ते बनवण्यात तिची ताकद खर्च होते, ताई. सतत बनवत राहिली तर वाढणार कधी? म्हणून शत्रू दिसला तरच शस्त्र. शत्रूची आठवण तिला काही महिने राहते, तिच्या कलमांतही उतरते. मी त्याला सावधस्मृती म्हणते."

"सावधस्मृती! वा!" सोहनी म्हणाले.

ते 'वा' भार्गवीला झोंबलं. इतक्या वर्षांत तिच्या वाट्याला कौतुकाच्या नुसत्या माना आल्या होत्या.

त्या आठवड्यात, सगळे जेवायला गेलेले असताना, तिनं आपल्या संवर्धनातलं दाट हिरवं शेवाळ एका चंचुपात्रात घेतलं आणि उत्पलाच्या टाकीत ओतलं. पाणी क्षणभर गढूळलं. आता काचेवर हिरवा थर धरेल, असं तिला वाटलं.

थर धरला नाही. उलट चार दिवसांनी काच पूर्वीपेक्षा लख्ख दिसू लागली. पुढच्या आठवड्यात तिनं पुन्हा ओतलं, त्याच्या पुढच्याही. दर वेळी पाणी अधिकच नितळ झालं. उत्पलाला तर स्वतःच्या यशाचंच आश्चर्य वाटत होतं. "ताई, ही एवढी तरतरीत राहील असं मलाही वाटलं नव्हतं," ती हसून म्हणाली, आणि भार्गवीला वाटलं, ही मुद्दाम हिणवतेय. या साऱ्याचा अर्थ तिच्यासारख्या शेवाळतज्ज्ञाला एव्हाना कळायला हवा होता. पण तिला उत्पला हरायला हवी होती आणि दुसरा कुठलाही विचार त्यापुढे टिकत नव्हता.

निवड उत्पलाची झाली. टाकीतल्या वनस्पतीची कलमं घेऊन तीच चंद्रावर गेली.

सुरुवातीचे काही महिने सुखाचे गेले. मग एके सकाळी चंद्रावरून उत्पलाचा थेट भार्गवीला कॉल आला. तिचा चेहरा ओढलेला होता.

"ताई, टाकी हिरवी पडलीये. पानांवर लव धरलीये. निम्मे मासे मेले, पाणी पिण्यासारखं राहिलं नाही. राखीव पाणी थोडंच उरलंय. इथं नळीत जंतुनाशक दिवा आहे, पाण्यात तरंगणारं सगळं शेवाळ तो मारतो. हे कोपऱ्यात काचेला चिकटून वाढलं असणार. पण माझी वनस्पती लढत का नाही?"

आधी भार्गवीला बरं वाटलं, अगदी सुखावल्यासारखं. मग त्या पडद्यावर उत्पलाच्या मागे पाण्याची पिशवी हातात धरून बसलेला एक माणूस दिसला, आणि सगळं एकदम तिच्या ध्यानात आलं.

"ती विसरलीये," ती म्हणाली. "दिव्यानं तिला शत्रू भेटूच दिला नाही. तो दिवा बंद कर. टाकी तीन दिवस काळोखात ठेव, अर्धं पाणी बदल. पण सगळं शेवाळ पुसू नकोस. थोडं वेगळं वाढव आणि दर आठवड्याला एक चंचुपात्र टाकीत ओत."

"एक चंचुपात्र? तेवढंच का?"

"तेवढ्यानं ती जागी राहते," भार्गवी म्हणाली. "मी इथं तेवढंच ओतत होते. तुझ्या टाकीत. ती सडावी म्हणून."

आवाज चंद्रापर्यंत जाऊन यायला अडीच सेकंद लागत. उत्तर त्याहून बरंच उशिरा आलं.

"मी हे कुणाला सांगणार नाही, ताई," उत्पला म्हणाली आणि तिनं कॉल बंद केला.

टाकी वाचली. महिन्याभरात पाणी पुन्हा पिण्याजोगं झालं. उत्पलानं शब्द पाळला. ही युक्ती कुठून आली ते तिनं कुणालाच सांगितलं नाही. त्यामुळे व्हायचं तेच झालं. सोहनींनी सगळ्यांना सभागृहात बोलावलं.

"वनस्पतीला जागं ठेवण्यासाठी तिला तिच्या शत्रूचाच खुराक द्यायचा!" ते म्हणाले. "शेवाळशास्त्रात एवढी मोठी कल्पना मी ऐकलेली नाही. यापुढे जगभर ही 'मांजरेकर पद्धत' म्हणून ओळखली जाईल."

टाळ्यांचा कडकडाट झाला. भार्गवीनंही हात उचलले, पण ते जुळेनात. काही न बोलता बसून राहिली असती तर ती सुटली असती. तिला ते ठाऊकही होतं.

"सर," ती उभी राहिली, "ती पद्धत माझी आहे. उत्पलाच्या कितीतरी आधी मी ती वापरलीये."

टाळ्या थांबल्या. सोहनींनी चष्मा सारखा केला. त्यांच्या आवाजात निव्वळ कुतूहल होतं.

"अस्सं? कुठल्या टाकीवर?"