लगामाचं दुसरं टोक

धुळ्यात पांझरेच्या काठी शेवंता खोगिराखालचा नमदा धूत बसली होती. तेवढ्यात वरच्या अंगानं एक तांबूस कुमैत घोडी उधळत आली. वर एक तरुण... टोपी उडालेली, एक पाय रिकिबीतून सुटलेला, आणि दोन्ही हातांनी लगाम छातीपर्यंत ओढून धरलेला. तो जितकं ओढी, तितकी घोडी जिवाच्या आकांतानं पळे.

"ओढू नका," शेवंता ओरडली. "आधी सोडा... मग उजवी बाजू तेवढी धरा."

कसं कोण जाणे, त्यानं ऐकलं. तोंड मोकळं होताच घोडी बावचळली, उजवीकडे वळली आणि मऊ वाळूत दमून उभी राहिली. शेवंतानं स्वाराकडे पाहिलंसुद्धा नाही. घोडीच्या ओठाचा कोपरा फाटला होता. तो तिनं ओल्या पदरानं हलकेच पुसला.

"मलाही लागलंय," तो वरून म्हणाला.

"तुम्हाला बोलता येतं."

तो हसला. मग मात्र तिनं पाहिलं, आणि पाहायला नको होतं असं पुढं तिला फार वेळा वाटलं.

त्याचं नाव हिलाल. एरंडोलकडच्या मोठ्या पाटलांचा मुलगा, पुण्याला कॉलेजात शिकून आलेला. सन बत्तीसचा हिवाळा होता. लोकल बोर्डाच्या निवडणुकीला उभं राहायचं, गावोगाव फिरायचं, म्हणून वडिलांनी सारंगखेड्याच्या जत्रेतून ही घोडी घेऊन दिली होती. ती आवरेना, म्हणून तो धुळ्याला मामाकडे राहून घोड्यावर बसायला शिकणार होता. आणि धुळ्यात शिकवणारा म्हणजे शेवंताचा बाप. चुडामण चाबुकस्वार.

चुडामणआबांचं नाव मोठं होतं, पण उजवा हात आता सारखा कापे. कापता हात घोड्याच्या तोंडाला सोसत नाही. म्हणून आबा पारावर बसून बोलत आणि घोड्याजवळचं सारं शेवंता करी. बाहेर कुणाला हे माहीत नव्हतं. हिलालला दुसऱ्याच दिवशी कळलं. त्यानं ते कुणाला सांगितलं नाही, आणि आबांना त्याचंच कौतुक वाटलं.

पहिले काही दिवस शेवंतानं त्याला घोडीवर बसूच दिलं नाही. एका आडव्या ओंडक्यावर खोगीर टाकून त्याला बसवलं, लगामाची दोन्ही टोकं त्याच्या हाती दिली, आणि घोडीच्या तोंडात जाणारी लोखंडी कडी स्वतःच्या मुठीत धरून ती पुढं पाठमोरी उभी राहिली. डोळे मिटून.

"मी घोडी," ती म्हणाली. "धरा."

त्यानं धरलं.

"दुखलं."

त्यानं घाबरून ढील दिली. लगाम लोंबला.

"आता तुम्ही कुठंच नाही. घोडीला वाटेल, मी एकटीच."

तो पुन्हा धरी, ती पुन्हा सांगे. घोडी मान देते, म्हणजे ताण सोडते, त्या क्षणी बोटं सैल झाली पाहिजेत. नंतर नाही, त्याच क्षणी... सैल, पण गेलेली नाहीत. तेवढं कळलं की तिला ओढावं लागत नाही. एका सकाळी थंडीनं दोघांची बोटं गारठली होती, आणि शेवंता बराच वेळ काही बोललीच नाही.

"चुकलं का?" त्यानं विचारलं.

"नाही."

"मग गप्प का? काय कळतंय तुला तिकडे?"

"तुमचा श्वास," ती म्हणाली, आणि म्हटल्यावर कडी खाली ठेवून घोडीला पाणी दाखवायला निघून गेली. हात हाताला लागला नव्हता. मध्ये चार हात लांब चामडं होतं.

मग ती दोघं लळिंगच्या किल्ल्याच्या बाजूला जाऊ लागली. तो घोडीवर, ती आबांच्या म्हाताऱ्या घोड्यावर, कासोटा आवळून. तो पुण्याच्या गोष्टी सांगे. ती म्हणे, बोलताना हात बोलायला नकोत, घोडीला वाटतं तिलाच काही सांगताय. तो म्हणे, घोडीला नाही, तुलाच सांगतोय. माळावर पळस फुलायला लागला तेव्हा एका उतारावर त्यानं घोडी थांबवली... नुसत्या बोटांनी, न ओढता.

"होळी झाली की बाबांशी बोलतो," तो म्हणाला. "तुझ्याशिवाय मला आता कुणाच्या दारी वरात न्यायची नाही."

घरी आल्यावर शेवंतानं दोन्ही घोड्यांना खरारा केला, एकदा करून झाला होता तरी.

होळी झाली. तो गावी गेला. पाडवा गेला, आणि चैत्राच्या उन्हात एक दिवस आला. आबा आत निजले होते. त्यानं घोडीवरून उतरून इकडंतिकडं पाहिलं, मग सांगितलं. धरणगावची मुलगी आहे. मोठं घर. बाबांनी शब्द देऊन टाकला, त्याला काही बोलताच आलं नाही.

"बोललात का पण?" तिनं विचारलं.

तो रिकिबीचा पट्टा उगाच सारखा करू लागला. मग घाईघाईनं म्हणाला की त्यानं जळगावला एक घर पाहिलंय. अंगण आहे, तबेला आहे. तिला हवा तो घोडा घेता येईल. तो येत जाईल. "तुला कशाचीच अडचण पडू देणार नाही, शेवंता. मी तुला मोकळं ठेवीन."

"आणि लग्न?"

त्यानं लगाम एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"म्हणजे ठेवायचंच आहे," ती म्हणाली. आवाज चढला नाही. "घोडी बाजारात घेतात ना, तेव्हा तिच्या मालकाला तरी विचारतात. माझ्या बापाला विचारायला जीभ उचलेल का तुमची? ते आत निजलेत. उठवू?"

"शेवंता... माझा इलाज नाही गं."

"माझा आहे. जा तुम्ही."

तो घोडीवर बसला. शेवंता दारात उभी राहून पाहत होती. तिला वाटलं, आता हा हिसका देईल, चिडेल, काहीतरी वाईट करील आणि मला त्याचा राग करता येईल. पण त्यानं हलकेच लगाम घेतला, घोडीनं मान दिली तशी बोटं सैल केली, आणि घोडी पाण्यासारखी वळून निघाली. त्या हातात खोट काढायला जागा नव्हती. तो हात तिनंच घडवला होता.

टापांचा आवाज ऐकून आबा उठून बाहेर आले. पोरीच्या मनात काय आहे ते त्यांना शिमग्यापासून ठाऊक होतं, नि त्यांनी एक-दोघांकडे हळूच हे लग्न होईल असं बोलूनही ठेवलं होतं.

"हिलाल उनता का? काय म्हने?"

"लगीन ठरनं त्यानं," शेवंता म्हणाली. "धरणगावनी पोर शे."

आबा पारावर बसले. कापणारा हात त्यांनी दुसऱ्या हातानं दाबून धरला. मग पोरीला धीर द्यावा म्हणून म्हणाले, "भला पोर शे पन. इतला लांबतून सांगाले उना. दुसरा कोनी येता नही."

शेवंतानं बापाच्या तोंडाकडे पाहिलं. जळगावचं घर, तबेला, अंगण... सारं तिच्या ओठापर्यंत आलं होतं.

"हा आबा," ती म्हणाली. "भला शे."